आधी थांबणे लिहा

बोलायला सुरुवात करण्यापूर्वी सर उजवा तळहात उभा धरीत. समोर वर्ग असो, पालक असोत की एकटा मी असो. हात छातीच्या उंचीवर, बोटे जुळलेली, तळवा समोरच्याकडे. नवख्या माणसाला वाटे, हा गृहस्थ आपल्याला गप्प करतो आहे. प्रत्यक्षात ते स्वतःला थांबवून पाहत असत. थांबता येते आहे अशी खात्री पटली की हात खाली येई आणि बोलणे सुरू होई.

"पहले रुकना लिखो," असे ते मुलांना सांगत. "चलना बाद में." माझ्याशी मराठीत तेच. "काका, आधी थांबणं लिहायचं. चालणं काय, कोणालाही येते."

जयपूरच्या मुरलीपुऱ्यातल्या आमच्या शाळेत त्यांनी तीन वर्षे संगणक शिकवला. अमरावतीकडचे. वय चाळिशीच्या आत. आधी जयपूरच्याच झालाना भागातल्या एका कार्यालयात प्रोग्रॅम लिहिण्याची नोकरी करीत. मी भुसावळचा. सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात झाली. शेवटची बदली जयपूरला आली आणि इथेच राहिलो. निवृत्तीनंतर या शाळेत किल्ल्या, घंटा आणि शिस्त अशी तीन कामे माझ्याकडे आली. मुले तोंडावर मला ‘बड़े सर’ म्हणतात आणि पाठीमागे ‘घंटीवाले’. शाळेत मराठी बोलणारे आम्ही दोघेच होतो. एवढ्या कारणावरून माणसे जवळ येतात हे मला मान्य नाही. पण मधल्या सुट्टीचा चहा आम्ही एकत्र घेत असू, हे खरे आहे.

चहाच्या बाबतीतही त्यांचा नियम होता. कप उचलण्यापूर्वी ते म्हणत, "अर्धा." आणि अर्ध्यावर कप ठेवून देत. ई-रिक्षात बसताना कुठे जायचे हे सांगण्याआधी कुठे थांबायचे ते सांगत, चालक वैतागे. आईचा अमरावतीहून फोन येई, लग्नाचे काय म्हणून. एकदा फोन ठेवून माझ्याकडे वळून म्हणाले, "काका, लग्नाचं थांबणं काय लिहू, सांगा बरं तुम्ही." मी म्हणालो, "ते वरचा लिहितो." त्यावर ते बराच वेळ हसले. मी विनोद केला नव्हता.

संगणकाच्या खोलीत बारा यंत्रे होती. पाच चालत. उन्हाळ्यात चार. आठवीच्या वर्गात मुले एक्केचाळीस. पहिल्याच आठवड्यात त्यांनी खोलीला कुलूप घातले, किल्ली माझ्या हातात दिली आणि वर्ग अंगणात आणला.

आमचे अंगण लाल दगडाच्या चौरस फरश्यांचे आहे. त्यांनी गेरूने कडेच्या फरश्यांवर आकडे घातले, आडवे आणि उभे. मग प्रत्येक मुलाच्या हाती एक चिठ्ठी दिली. चिठ्ठी हिंदीत असे. मी मराठीत देतो. पुढची फरशी रिकामी आहे का, पाहा. असेल तर एक पाऊल टाक. नसेल तर उजवीकडे वळ. पुन्हा पहिल्या ओळीपासून. आणि या सर्वांच्या वर, लाल शाईने, थांबण्याची अट. दहा पावले झाली की थांब, किंवा भिंत लागली की थांब. चिठ्ठी हातात घेतलेले मूल म्हणजे यंत्र. यंत्राने विचार करायचा नाही, हसायचे नाही, शेजाऱ्याला मदत करायची नाही. चिठ्ठी लिहिणारा चुकला तर ती चूक सर्वांसमोर चालताना दिसे.

तुम्हीही शाळेचे अंगण पाहिले आहे. एक्केचाळीस मुले अंगणात असली म्हणजे काय ऐकू येते, हे तुम्हाला माहीत आहे. आता तेच अंगण मनात आणा आणि त्यातून आवाज काढून घ्या. बूट काढलेले, पायात नुसते मोजे. कोणी कोणाकडे पाहत नाही. एक पाऊल, थांबणे, काटकोनात वळणे, पुन्हा पाऊल. शाळेच्या भिंतीपलीकडे संगमरवर कापण्याचा कारखाना आहे. त्याची करवत दिवसभर चालते. तिची आम्हाला इतकी सवय आहे की ती बंद पडली तरच आम्हाला ऐकू येते. त्या आवाजाखाली ही मुले चालत, आणि वरच्या गॅलरीतून मला असे वाटे की फरश्याच सरकत आहेत, मुले जागच्या जागी आहेत.

मला हे पसंत नव्हते. मी तसे सांगितले.

त्याला कारण चंचल. या मुलीचे नाव घरच्यांनी काय पाहून ठेवले असेल, कळत नाही. वर्गात तिच्याइतके उत्तम यंत्र दुसरे नव्हते. एके दिवशी कोणा मुलाने तिची चिठ्ठी लिहिताना ‘रिकामी आहे का’ ही ओळ गाळली आणि थांबण्याची अटही. चंचल चालत पाण्याच्या टाकीपर्यंत गेली, टाकीला गुडघे लागले, आणि ती चालतच राहिली. पाऊल उचलायचे, टाकीवर आपटायचे, खाली ठेवायचे. चेहरा कोरा. मी ओरडलो. तिने पापणी हलवली नाही. सरांनी तळहात वर केला तेव्हा ती थांबली.

"शाब्बास," ते तिला म्हणाले. मग चिठ्ठी लिहिणाऱ्याकडे वळून, "देखा? इसने तुम्हारी गलती की, अपनी नहीं."

चहाच्या वेळी मी विचारले, "हे शिक्षण आहे की कवायत? पोरीचे गुडघे फुटले असते."

त्यांनी तळहात धरला, सोडला. "काका, रागावू नका. तुमच्या रेल्वेत सिग्नलची तार तुटली तर सिग्नल काय दाखवते?"

"लाल."

"कोण करते लाल?"

"कोणी करत नाही. सिग्नलच्या खांबावरच्या हाताची रचनाच तशी असते. तार शाबूत असेल, ओढणारा माणूस जागेवर असेल, तरच हात उतरतो आणि गाडी जाते. काहीही बिघडले की हात आपोआप आडवा होतो. गाडी थांबते."

"म्हणजे ज्यानं बनवलं, त्यानं थांबणं आधी लिहिलं." ते खुश झाले. "मी तेच तर शिकवून राहिलो."

चाळीस वर्षे जे काम मी केले, ते इतक्या थोडक्यात कोणी मला परत दिले नव्हते.

झालान्याची नोकरी का सोडली हे त्यांनी त्याच चहाला सांगितले. मी विचारले नव्हते. लोकांना फोनवर स्मरणाचे संदेश पाठवणारा एक प्रोग्रॅम त्यांनी लिहिला होता. अट अशी की समोरचा माणूस उत्तर देईपर्यंत दर तासाला संदेश जात राहील. बऱ्याच दिवसांनी कार्यालयात एका बाईचा फोन आला. तिचा नवरा वारला होता. त्याचा फोन घरात कपाटावर होता आणि दर तासाला वाजत होता. बंद करायला तिचे मन होईना. तिने तो रोज चार्जही केला होता.

"तिनं फक्त विचारलं, ‘भैया, यह कब रुकेगा?’" ते म्हणाले. "थांबण्याची अट मी त्या माणसाच्या उत्तरावर टाकली होती, काका. माणूसच राहिला नव्हता. प्रोग्रॅमला कसं कळणार?"

त्यांनी उरलेला अर्धा चहाही त्या दिवशी घेतला. ते पहिल्यांदा पाहिले.

थोड्या दिवसांनी चंचलची आई शाळेत आली. कारखान्यात पॉलिशचे काम करणारी बाई. हातांना पांढरी भुकटी. ती प्राचार्यांकडे गेली नाही, माझ्याकडे आली.

"बाबूजी, छोरी घर में भी खड़ी रहती है," ती म्हणाली. "बैठने को न बोलूँ तो बैठती नहीं. रोटी सामने रखी रहती है. मैं बोलूँ खा, तो खाती है. मैं बोलना भूल जाऊँ तो?"

मी तिला सरांपुढे उभे केले. तिने तेच पुन्हा सांगितले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यांनी तळहात धरला. हात तसाच राहिला. ती बाई त्या हाताकडे पाहत उभी होती. शेवटी मीच तिला म्हणालो, "देखते हैं. आप जाइए."

दुसऱ्या दिवसापासून वर्गाला नवा शेवट आला. तळहात वर झाला, सारे थांबले, की ते एकेका मुलाजवळ जात, हातातली चिठ्ठी काढून घेत, डोक्यावर दोन बोटे टेकवीत आणि विचारीत, "कौन हो तुम?" मुलाने आपले नाव सांगायचे. नाव सांगितले की ते पुन्हा मूल. मग ते उडी मारू शके, शेजाऱ्याला चिमटा काढू शके. काही टारगट पोरे भलतेच नाव सांगत. त्यावर सर म्हणत, "पक्का? तो घर किसके जाओगे?" आणि पोरगे घाईघाईने स्वतःच्या नावावर येई. एक्केचाळीस मुलांना दहा मिनिटे लागत. मी एकदाही घंटा दहा मिनिटे उशिरा दिली नाही. त्यांनी एकदाही एखादे मूल वगळले नाही. चालणेच तेवढे आधी संपवीत.

चंचलजवळ ते जरा अधिक थांबत. ती नाव सांगे, पण सांगण्याआधी एक क्षण जाई. त्या क्षणी ती कोठून तरी परत येत आहे असे वाटे. तो क्षण मी मोजला आहे. पहिल्या दिवशी आठ आकडे झाले होते. महिन्याभराने तीन. बाई पुन्हा एकदा आली, हसली, आणि भुकटीच्या हातांनी मला नमस्कार करून गेली. पोरगी न सांगता जेवू लागली होती.

असे सारे ठीक चालले होते. मग पालकांत कुजबुज सुरू झाली. संगणकाच्या नावावर पोरांना अंगणात फिरवतात. प्राचार्यांनी सरांना बोलावून सांगितले की मार्चअखेर पालकांचा दिवस आहे; त्या दिवशी जे काय शिकवले ते सर्वांसमोर दाखवा. पटले तर ठीक. न पटले तर हा विषय बाहेरच्या लोकांकडे देऊ, आणि मग आपल्याला दोन संगणक शिक्षकांची गरज राहणार नाही. शाळेत संगणक शिक्षक एकच होते. त्यांना अर्थ कळला.

"दाखवू," ते मला म्हणाले. "अख्खा तास एक्केचाळीस यंत्रं चालतील. एक टक्कर नाही, एक चूक नाही. त्यांनी पाहावं, की ही पोरं आता काय लिहू शकतात."

मी जे बोललो ते आता लिहितो. मी म्हणालो, "तुमची यंत्रं माझी घंटा वाजली की पोरं होतात. पालकांनी टाळी वाजवली तरी होतील."

ते खरे होते. घंटा झाली की निम्मी मुले चिठ्ठी टाकून दप्तराकडे धावत. पण ते खरे आहे म्हणून मी बोललो नव्हतो. मला माझ्या घंटेचा अभिमान होता, आणि टोमणा जिभेवर तयार होता.

त्यांनी कप ठेवला. भरलेलाच. "बरोबर सांगून राहिले काका तुम्ही," एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नव्या चिठ्ठ्या आल्या. एक त्यांनी मला वाचायला दिली. चालण्याच्या ओळी जुन्याच. वर, लाल शाईत, नवी अट. घंटा ऐकू नका. टाळी ऐकू नका. कोणाचाही आवाज ऐकू नका. सरांचा तळहात वर दिसला की थांबा. दिसत नसेल तर चालत राहा.

मी सिग्नलचा माणूस आहे. ती शेवटची ओळ मी दोनदा वाचली. खूण दिसत नसेल तर चालत राहा. आमच्या खात्यात हे वाक्य लिहिणाऱ्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवले असते. आमचे वाक्य नेमके उलट आहे. खूण दिसत नसेल तर थांबा.

मी चिठ्ठी परत दिली. "अक्षर चांगलं आहे," म्हणालो. आदल्या दिवशीचे माझे बोलणे त्यांना लागले आहे हे दिसत होते. आणखी एक चूक काढावी असे वाटले नाही. उद्या सांगू, असे मनाशी ठरवले. नंतर ते राहिले.

पालकांच्या दिवसाला चार दिवस उरले असताना तालीम होती. शेवटचा तास. ऊन चढलेले. वीज गेली होती, म्हणून कारखान्याची करवत बंद पडलेली. इतकी शांतता होती की गॅलरीच्या वळचणीतल्या पारव्यांची नखे दगडावर वाजलेली ऐकू येत. सरांनी मुलांना फरश्यांवर उभे केले, चिठ्ठ्या वाटल्या, चालणे सुरू करून दिले आणि वरून सारे दिसावे म्हणून जिना चढून गॅलरीत गेले. तिथे त्यांचे एक लोखंडी स्टूल असे.

मी अंगणाच्या कडेने कार्यालयाकडे जाताना वर पाहिले. ते स्टुलावर बसले होते. कोपर कठड्यावर, गाल मुठीवर, नजर अंगणात. मी मान हलवली. त्यांनी हलवली नाही. तालीम चालू असताना ते कोणालाही ओळख देत नसत, म्हणून मला त्यात वावगे वाटले नाही.

घंटेला तेव्हा पंचवीस मिनिटे होती. दहा मिनिटे उरतील तेव्हा ते उठतील, हात वर करतील, नावे विचारायला खाली येतील. मी कार्यालयात किल्ल्या लावीत बसलो. वेळ झाली, मी घंटा दिली. इतर वर्ग सुटले, फाटकाबाहेर गाड्यांची गर्दी झाली, ओसरली. आठवीचे कोणी बाहेर आले नाही.

मी अंगणात आलो. ती चालत होती.

एक पाऊल. पाहणे. वळणे. पाऊल. चेहरे उन्हाने लाल झालेले, केस कपाळाला चिकटलेले. एका मुलाच्या नाकातून रक्त येत होते. त्याने ते पुसले नव्हते. लाल दगडावर थेंब ओला असेपर्यंत दिसे आणि सुकला की नाहीसा होई. टक्कर नव्हती. एकही चूक नव्हती. त्यांना जे हवे होते ते सगळे तिथे होते.

"बस!" मी ओरडलो. "छुट्टी हो गई!"

कोणी थांबले नाही. मी जवळच्या मुलाला खांद्याला धरले. त्याचे पाय जागच्या जागी उचलत राहिले.

"सुनाई नहीं देता?"

त्याने माझ्याकडे न पाहता, ओठही फारसे न हलवता सांगितले, "सर देख रहे हैं."

मी वर पाहिले. ते पाहत होते. कोपर कठड्यावर, गाल मुठीवर. अर्ध्या तासापूर्वी होते तसेच.

"सर!" मी हाक मारली. मग मराठीत, "अहो, बस करा आता!"

त्या जिन्याला बावीस पायऱ्या आहेत. माझे गुडघे पाहता मी त्या सावकाश चढतो. त्या दिवशी कसा चढलो हे मला सांगता येणार नाही. गॅलरीत पोहोचलो, त्यांच्या बाजूला गेलो. डोळे उघडे होते. त्यांवर ऊन पडले होते आणि ते मिटत नव्हते. कठड्याच्या आतल्या बाजूला, मुलांना दिसणार नाही असा, त्यांचा उजवा हात होता. मांडीवर. तळवा उघडा, बोटे जुळलेली. तो वर न्यायचा त्यांनी प्रयत्न केला होता की नाही, याचा विचार मी अजूनही करतो.

खाली मुले चालत होती.

माझ्यापुढे एकच गोष्ट होती. मी त्यांचे मनगट धरले. सिग्नलचा गंजलेला हात ओढताना लागतो तेवढा जोर लागेल असे वाटले होते, लागला नाही. मी तो हात कठड्याच्या वर घेतला, कोपर सरळ केले, तळवा अंगणाकडे वळवला आणि धरून ठेवला. स्वतः खांबाच्या आड राहिलो.

एक्केचाळीस पावले एकदम फरशीवर टेकली. तो एकच आवाज. त्यानंतर काहीही नाही.

किती वेळ धरला, माहीत नाही. मग हात हलकेच त्यांच्या मांडीवर ठेवला आणि खाली आलो. शिपाई भंवरजी फाटकाशी होते. त्यांना म्हणालो, समोरच्या दवाखान्यातून डॉक्टरांना आणा, मागच्या जिन्याने वर न्या, बोलू नका. ते माझ्या तोंडाकडे पाहून न विचारता धावले.

मुले थांबली होती, पण थांबलेलीच होती. कोणी चिठ्ठी खाली टाकली नाही. पुढची पायरी त्यांना ठाऊक होती आणि ती करणारा यायचा होता.

मी पहिल्या मुलाजवळ गेलो, चिठ्ठी काढून घेतली, डोक्यावर दोन बोटे टेकवली. माझी बोटे जाड आहेत, सरांसारखी नाहीत. "कौन हो तुम?" त्याने नाव सांगितले आणि लगेच रडू लागला. दुसऱ्याने सांगितले. नाकातून रक्त येणाऱ्याने सांगितले आणि मग विचारले, "बड़े सर, हम जीत गए?" मी हो म्हणालो. ज्याने नाव सांगितले त्याला टाकीकडे पाठवीत गेलो. पाणी पिण्याचे आवाज येऊ लागले, मग कुजबुज, मग कोणाचे तरी हसू. चाळीस झाली. पोरांना दप्तरे घेऊन फाटकाबाहेर काढले.

डॉक्टर वर जाऊन आले होते. हृदय, असे म्हणाले. तासाभराच्या आतले, पण अर्ध्या तासाहून जुने. मी हिशेब केला. मी खालून मान हलवली, तेव्हाच ते नसावेत.

मी रीतसर अहवाल लिहिला. वेळा लिहिल्या. चिठ्ठी सोबत जोडली आणि ती आपण आधी वाचली होती हेही लिहिले. प्राचार्यांनी तो अहवाल दोनदा वाचला आणि कपाटात ठेवला. सरांच्या आई अमरावतीहून एका नातेवाइकासोबत आल्या, स्टुलाला हात लावून गेल्या. पालकांचा दिवस झाला नाही. विषय बाहेरच्या लोकांकडे गेला. खोलीत आता वीस यंत्रे आहेत आणि सगळी चालतात. गेरूचे आकडे पावसाळ्यात गेले. नव्या शिक्षकांना मी एकदा विचारले, थांबणे केव्हा शिकवता. ते म्हणाले, ते आता आपोआप होते.

एक गोष्ट अहवालात लिहिली नाही. ती इथे लिहितो.

एक्केचाळिसावी चंचल होती. ती टाकीपासून दोन फरश्यांवर, गॅलरीकडे तोंड करून उभी होती. बाकी मुले गेल्यावर मी तिच्याजवळ आलो. चिठ्ठी घेतली. बोटे टेकवली. विचारले.

मी आकडे मोजले. तीन झाले. आठ झाले. वीस झाल्यावर मी मोजणे सोडले. माझ्या हाताला तिच्या केसांचे ऊन लागत होते. तिची नजर वर, स्टुलाकडे होती. डॉक्टरांनी त्यांना न हलवता तिथेच पांढरी चादर पांघरवली होती, पण खालून एवढेच दिसे की कोणीतरी बसले आहे.

"कौन हो तुम, बेटा?" मी पुन्हा विचारले. बेटा हा शब्द मी कोणाला म्हणत नाही.

ती बोलली, पण नाव सांगितले नाही. "पहले सर को पूछ लीजिए," ती म्हणाली. "सब को सर पूछते हैं. सर को कोई नहीं पूछता."

मी तिला समजावू शकलो असतो. मोठी माणसे समजावतात. मी बावीस पायऱ्या पुन्हा चढलो. भंवरजी भिंतीशी उकिडवे बसले होते. त्यांना खाली पाठवले. चादर थोडी सारली आणि सरांच्या डोक्यावर दोन बोटे टेकवली. त्यांना मी कधी अरे-तुरे केले नव्हते. त्या वेळीही केले नाही.

"कोण तुम्ही?" मी विचारले.

समोरून खूण यायला जितका वेळ द्यावा लागतो, तितका दिला. मग चादर नीट केली आणि उतरलो.

ती तिथेच होती. "क्या बोले?"

मी आयुष्यात मुलांशी खोटे बोललो नाही. काय बोलावे याला जिन्यात बावीस पायऱ्यांचा अवधी मिळाला होता.

"सर रुक गए हैं," मी म्हणालो. "उनका हो गया. तुम जाओ."

तिने माझ्याकडे पाहिले. त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिले. मग हळू आवाजात म्हणाली, "चंचल."

ती निघाली. फरश्यांवरून सरळ फाटकाच्या रेषेपर्यंत, तिथे काटकोनात उजवीकडे, पुन्हा सरळ. पाऊल, पाऊल, पाऊल. करवत अजून बंद होती, म्हणून मोज्यांतली पावलेही ऐकू येत होती. बूट तिने हातात घेतले होते. मी अंगणाच्या मधोमध उभा राहून मोजत होतो.

फाटकाशी पोहोचल्यावर ती वळली आणि गॅलरीकडे बराच वेळ पाहत राहिली. ते तिला कोणी सांगितले नव्हते.